'अंदाजानं' म्हणजे किती?

जूनमध्ये गावाहून निघताना आईने हातात एक डबी ठेवली. कुंकवाची जुनी डबी, झाकणावरचा रंग उडालेला. आत वाळकाच्या अकरा बिया. "एवढंच राहिलंय," म्हणाली. "रानात आता कुठं येतंय वाळूक."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: वाळूक म्हणजे काकडी-खरबुजाच्या कुळातलं आमच्या मराठवाड्यातलं फळ. कोवळं असताना काकडीसारखं मीठ-तिखट लावून खायचं, थोडं जून झालं की भाजी करायची आणि पूर्ण पिकलं की घरभर वास सुटतो. ते कधी कोणी मुद्दाम 'लावायचं' नाही. खरिपाच्या ज्वारी-बाजरीत पेरणीबरोबर चार बिया मिसळायच्या, वेल आपला पिकातून सरपटत जायचा आणि खुरपायला आलेल्या बाया दुपारच्या भाकरीबरोबर तो खायच्या. आता आमच्या शिवारात खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन. सोयाबीनवर तणनाशक मारलं की वाळकाचा वेलही जातो, कारण त्या औषधाला तण कोणतं आणि वाळूक कोणतं हे कळत नाही. मिश्रपीक बंद झालं आणि त्याच्याबरोबर या पाहुण्याची जागाही गेली.

तर अकरा बिया. पुण्यात सातव्या मजल्यावर आमची साठ चौरस फुटांची बाल्कनी. नर्सरीतून चांगली लाल मातीची गोणी आणली, तीन कुंड्या भरल्या, उत्साहाने सहा बिया टोचल्या आणि रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी भरपूर पाणी घातलं. दहाव्या दिवशी उकरून पाहिलं तर सगळ्या सडलेल्या.

आईला फोन केला. "पाणी किती घालायचं असतं?"

"अंदाजानं."

"अगं, पण अंदाजानं म्हणजे किती? एक मग? अर्धा?"

"आरं, तसं काय माप असतंय व्हय! माती बघायची. वाफसा आला की बी टाकायचं, वाळली की पाणी द्यायचं. तू बुडवायलास त्याला."

फोन ठेवला आणि डबीतल्या उरलेल्या पाच बियांकडे बघत बसलो. आमच्या धंद्यात याला एक प्रसिद्ध दुखणं म्हणतात. सगळी सिस्टिम एका माणसाच्या डोक्यात, डॉक्युमेंटेशन शून्य आणि तो माणूस आता बहात्तर वर्षांचा, गुडघे दुखतात म्हणून रानात जात नाही. तेव्हा पाच बिया मातीत घालायच्या आधी थोडं वाचायचं ठरवलं. पुढचं सगळं त्या दोन-तीन वीकेंडच्या वाचनातून आलेलं आहे.

आधी गावाबद्दल, कारण त्याशिवाय कळणार नाही. तेरखेडा म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, आता धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं गाव, सोलापूर-धुळे हायवेवर येरमाळ्याच्या पुढे. ज्यांना माहीत असतं त्यांना फटाक्यांसाठी माहीत असतं. (आणि नाही, इतिहासातलं प्राचीन 'तगर' ते आमचं नव्हे, ते तेर. दर वेळी हा खुलासा करावा लागतो.) बालाघाटच्या डोंगरांचा हा भाग. पाऊस बेभरवशाचा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

अशा गावात 'परसबाग' हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला. आमच्याकडे म्हणतात परडं. घराच्या मागची ती उकिरड्याला लागून असलेली जागा. तिथे 'बाग' करायला पाणी कोण देणार? पाणी मिळायचं ते न्हाणीचं आणि भांड्यांचं. जिथे न्हाणीची मोरी उघडायची तिथे अळू आणि एक केळ. तिच्यापुढे कढीपत्ता. दोडक्याचा वेल भिंतीवरून माळवदावर चढवलेला, म्हणजे तो खाली जागा खायचा नाही. कोपऱ्यात शेवगा, कारण शेवग्याला कोणी पाणी घालत नाही. आता इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर थक्क व्हायला होतं. एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्यांदा वापरायचं आणि ज्याला जेवढं लागतं तेवढ्या अंतरावर त्याला लावायचं, असा तो हिशोब होता. पण हा हिशोब कुणी लिहिला नाही. सासूने सुनेला सांगितलाही नसेल. ती रोज तिथे भांडी घासायची, तिला तो दिसत गेला.

आणि तो बायकांचाच होता. पुरुषांची शेती, तिच्यात पैसा. परडं बायकांचं, त्यात पैसा नाही म्हणून ते हिशोबात नाही. आई १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते तेव्हा त्यात खडी फोडण्याचं काम असतं, सुकडी असते, अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी असते. ते इतिहासाच्या पुस्तकातही आहे. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण आईच्या गोष्टीत शेवग्याचा पालाही असतो, तांदुळजा आणि घोळही असते. ते मात्र मी पुस्तकात शोधून दमलो.

सरकारला घरच्या भाजीची आठवण होते ती संकटात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने लोकांना अंगणं खणायला लावली, थेट टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात भाज्या लावल्या. अमेरिकेत १९४३ च्या सुमारास अशा दोन कोटींच्या आसपास बागा होत्या म्हणतात. आपल्याकडे त्याच काळात इंग्रज सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. युद्ध संपलं तशा अमेरिकेतल्या त्या बागाही बहुतेक ओसरल्या, कारण भाजी पिकवायची ती देशासाठी, आणि देशाची गरज संपली होती.

मला हवा होता तो इतिहास वेगळा होता. घरापासून लांब गेलेल्या माणसाचं काय? त्याच्या वाट्याला परडं नाही, आईही नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला माणूस बायको-मुलांना गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि खानावळीत जेवायचा. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोने केलेलं. (या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, कधीतरी लिहीन.) चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस, फार तर ओव्याचं रोपटं. त्याच्यापुढे गाडी गेली नाही. जागा नव्हती हे खरं. पण शिकवणारंही कोणी जवळ नव्हतं.

आणि इथे मला सापडले श्री. अ. दाभोळकर.

श्रीपाद अच्युत दाभोळकर. नाव ऐकून तुम्हाला जे आठवलं ते बरोबर आहे, नरेंद्र दाभोळकरांचे हे थोरले बंधू. शिक्षण शेतीचं नाही, गणिताचं. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठात शिकवायचे. गणिताच्या या मास्तरांनी शेतीकडे बघितलं ते असं: झाड हे सूर्यप्रकाश गोळा करणारं यंत्र आहे. एक चौरस फूट पान दिवसभरात किती ऊन खातं, त्यातून किती ग्रॅम साखर बनवतं, त्यातली किती झाड स्वतःच खर्च करतं आणि किती शिलकीत पडते? मग तुमच्या जागेवर पानांचं छत किती दाट हवं? उन्हाचा तुकडा जमिनीवर वाया पडतोय का? शेतकरी माती आणि पाणी बघतो, दाभोळकर आधी ऊन मोजायचे. मला हे वाचताना फार मजा आली. पहिल्यांदाच कुणीतरी 'अंदाजानं'च्या पुढे एक आकडा लिहिला होता.

त्यांचा सगळ्यात गाजलेला आकडा दहा गुंठ्यांचा. पाव एकर जमीन आणि दिवसाला सुमारे हजार लिटर पाणी एवढ्यात पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, असं त्यांचं म्हणणं. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. माझी बाल्कनी त्याच्या एकशे ऐंशीवा भाग. म्हणजे दाभोळकरांच्या हिशोबाने माझी बाल्कनी एका माणसाला छत्तीस दिवसांतून एक दिवस पोसेल. तेही बाल्कनीला पूर्ण ऊन असेल तर, आणि आमच्या बाल्कनीला समोरची बिल्डिंग आहे. :) असो. आणि हजार लिटर रोज? तेरखेड्याला एप्रिलमध्ये येऊन हे कुणी सांगावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. दाभोळकरांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या गणितात ऊन फुकट आहे तसं पाणीही जवळपास फुकट धरलंय असं वाटत राहतं. शिवाय ते वाचायला सोपे नाहीत. स्वतःचे शब्द घडवतात आणि तुम्हाला ते आधीपासून येतात असं समजून पुढे जातात.

पण मला धरून ठेवलं ते त्यांच्या दुसऱ्या कामाने. त्यांनी संस्था काढली नाही, 'प्रयोग परिवार' काढला. म्हणजे काय, तर कुणी आपल्या शेतात, कुणी परसात काहीतरी करून बघायचं, काय झालं ते मोजून लिहायचं, चुकलं तेही लिहायचं आणि इतरांना कळवायचं. गावोगावी शेतकऱ्यांची स्वाध्याय मंडळं, एकमेकांना पत्रं, एकमेकांच्या बागा बघायला जाणं. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार या परिवारात होते, आणि महाराष्ट्रातल्या द्राक्षबागेच्या यशात या देवाणघेवाणीचा मोठा वाटा आहे. विद्यापीठाने सांगायचं आणि शेतकऱ्याने ऐकायचं, हा रस्ता त्यांना मंजूर नव्हता. इंटरनेट यायच्या कितीतरी आधी, पोस्टाच्या भरवशावर. आम्ही कॉलेजात लिनक्सच्या मेलिंग लिस्टवर पडीक असायचो तेव्हा वाटायचं हे जगात पहिल्यांदाच होतंय!

यात 'परिवार' हा शब्द आहे त्याच्याकडे मी बराच वेळ बघत होतो. आईची विद्या एका घरात राहिल्याशिवाय मिळत नाही. घर सोडलं की ती तुटते. दाभोळकरांनी अशा लोकांचा परिवार केला ज्यांच्यात नातं एवढंच की दोघांनीही करून पाहिलंय. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' मराठीत आहे, इंग्रजीत 'प्लेंटी फॉर ऑल' १९९८ मध्ये पुण्यातून निघालं. २००१ मध्ये ते गेले.

शहरात मात्र हा विचार थोड्या वळणाने पोचला. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी गच्चीवर शेती केली आणि तीही जवळपास मातीशिवाय. मुंबईत फुकट मिळणारी गोष्ट कोणती? उसाची चिपाडं. ती कुजवून प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि पिंपांत भरायची, वर मातीचा नुसता पदर. वजन कमी, त्यामुळे गच्चीला धोका नाही आणि मुळांना हवा भरपूर. त्यांच्या गच्चीवर भाज्या होत्या, फळं होती आणि ते कुणालाही शिकवायला तयार असायचे.

त्यांच्या पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग केली. त्या तिथे केटरिंगच्या अधिकारी. हजारो कामगारांचं जेवण रोज बनायचं, भाज्यांचे देठ-सालींचा ढीग पडायचा आणि तो कुठे टाकायचा हा रोजचा प्रश्न. बाग त्या प्रश्नातून उगवली. म्हणजे पुन्हा आमच्या परड्याचाच न्याय: मोरीच्या तोंडाशी अळू. पुढे त्यांनी 'अर्बन लीव्ह्ज' नावाने शहरातल्या लोकांना हे शिकवायला घेतलं आणि तिथे दाभोळकर परत भेटतात, कारण ती मंडळी वापरतात ती 'अमृत माती'. दाभोळकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी ती पद्धत बसवली. शेण, गोमूत्र, थोडा गूळ आणि पाणी तीन दिवस आंबवायचं, पातळ करून त्यात वाळलेला पाला भिजवायचा, पाल्याचे आणि मातीचे थर द्यायचे, मग त्यावर सरमिसळ बी पेरून उगवलेली रोपं ठरावीक दिवसांनी कापून तिथेच मिसळायची. माती तयार व्हायला साडेचार महिने. डेडलाईनवाल्या माणसाला हे झेपणारं नाही, मी सरळ सांगतो. मी सोसायटीच्या आवारातला वाळका पाला आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीची चिपाडं यांवर भागवलं. रसवंतीवाला पैसे घेईना, उलट विचारायला लागला, "साहेब, गाय पाळली का काय?"

एवढं वाचून पुन्हा घराकडे बघितलं तर आमच्याच जिल्ह्यात एक गोष्ट दिसली, जी मला आधी माहीत असायला हवी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये पुनर्वसनाच्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था रुजली. (इथेही प्रयोग!) पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी बायकांबरोबर एक एकराची पद्धत आणली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईने नवऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात काय लावायचं ते तिनेच ठरवायचं. नगदी पीक नाही, तर भाज्या, डाळी, धान्य, आधी घरात खायला आणि उरलं तर विकायला. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मला त्यातलं पारितोषिक एवढं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते 'मागून घ्यायचा'. जी बाई आयुष्यभर परडं सांभाळते तिला शेतातला एक एकर मागावा लागतो. आमच्याकडे सोयाबीन लावायचं ठरलं तेव्हा आईला कुणी विचारलं होतं का? मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. मी तेव्हा पुण्यात होतो आणि फोनवर भावाला सोयाबीनचा भाव सांगत होतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, २०२० सालच्या पद्मश्रींच्या यादीत होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घरात गावठी बियाण्यांची बँक केली, त्यात वालाचे आणि घेवड्याचे प्रकार तर विचारू नका. त्यांच्याबद्दल वाचताना आईची जुनी सवय आठवली. दोडक्याचं, भोपळ्याचं बी ती शेणात घालून भिंतीला थापायची, बाकीचं राखेत. आणि दरवर्षी थोडं बी माहेरी आत्याकडे-मावशीकडे पाठवायची. मला लहानपणी वाटायचं हा मानपान असेल. तो बॅकअप होता. ज्या वर्षी आपल्याकडचं जातं त्या वर्षी दुसऱ्या घरचं परत येतं. सोयाबीन सगळ्यांकडे एकदमच आलं, त्यामुळे वाळकाचा बॅकअप कुणाकडेच उरला नाही. उरल्या अकरा बिया, आणि त्यातल्या सहा मी मारल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पेरलं. पाचपैकी तीन. दोन डबीत तशाच. या वेळी कुंडीत अर्ध्याहून जास्त चिपाडं आणि पाला, वर माती. आणि पाण्याचं? वाचता वाचता लक्षात आलं होतं की आईने पहिल्याच फोनमध्ये उत्तर दिलं होतं, मलाच कळलं नव्हतं. वाफसा. मुळांच्या भोवती ओल आणि हवा दोन्ही असतात ती स्थिती. पावसानंतर रानात पाय टाकला आणि चिखल पायाला चिकटला नाही की वाफसा आला. कुंडीत पाय टाकता येत नाही म्हणून मूठभर माती दाबून बघायची. लाडू झाला पाहिजे आणि टाकल्यावर फुटला पाहिजे. माझी कुंडी त्या हिशोबाने एक दिवसाआड पाऊण मग पाणी मागते. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "मग मी काय म्हणलं होतं?"

तीन बियांपैकी दोन उगवल्या. वेल ग्रिलवर चढला, पिवळी फुलं आली आणि गळून गेली. पहिल्या नुसत्या नर फुलांची तर गळायचीच असतात, पण मागाहून आलेली मादी फुलंही गळाली. सातव्या मजल्यावर मधमाशी येत नाही. शेवटी मुलीच्या चित्रकलेच्या ब्रशने सकाळी सात वाजता परागकण इकडचे तिकडे केले. हे व्हिडिओ कॉलवर बघून आई एवढी हसली की वहिनी काय झालं म्हणून बघायला आली.

दोन वाळकं धरली. एक कोवळं असताना आम्ही चौघांनी खाल्लं, प्रत्येकाला तीन फोडी. मुलगी म्हणाली काकडीच तर आहे. दुसरं वेलावरच ठेवलं, पिवळं होऊन तडकेपर्यंत. दिवाळीला ते वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन गावाला गेलो. आईने ते ओट्यावर चिरलं, बी धुतलं, सुपात पसरलं आणि दोन वेळा मोजलं. मग दोन वाटण्या केल्या. एक तिने राखेत घातली आणि एक माझ्या डबीत. भावाने बांधाच्या कडेने ज्वारीची एक पट्टी सोडतो म्हणून सांगितलंय, तणनाशक तिथपर्यंत जाणार नाही अशी. बघू. त्याचा शब्द आणि पाऊस, दोन्ही जूनमध्येच कळतील.

डबी सध्या आमच्या फ्रिजच्या दारात आहे, आलं-लसूण पेस्टच्या शेजारी. वर चिठ्ठी चिकटवली आहे, कारण बायकोने एकदा ती उघडून जवळपास फोडणीत टाकली होती.